खंडूभाऊंची पारख

मळवलीचे खंडूभाऊ कुठलंही सॉफ्टवेअर आधी चढावर चालवून बघतात. म्हणजे एका लग्नाचे तीन हजार फोटो एकदम त्याच्या मानेवर देतात आणि लॅपटॉपला कान लावून बसतात. आतला पंखा घरघरला की निकाल लागला. "धाप लागली. काढा ह्याला."

भाऊंची भातशेती आहे, दोन बंगल्यांची राखण आहे आणि पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो काढायचा धंदा आहे. बैल पारखण्यात त्यांच्या वडिलांचं नाव होतं. दावणीला आता बैल नाही, पण पारख रक्तातच असावी. मी तळेगावचा शाळामास्तर. माझ्या भाच्याच्या लग्नात ते फोटो काढायला आले, तेव्हा आमची ओळख झाली आणि मला कॉम्प्युटरमधलं फार कळतं असा त्यांचा समज झाला. तो मी खोडून काढला नाही.

कॅमेऱ्यातला रॉ फोटो जड असतो, रंगाला मिळमिळीत असतो आणि तो बघायला, निवडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. हे समजायला मला आठवडा लागला. भाऊंनी दोन वाक्यांत उरकलं. "साधा फोटू म्हंजी हाटेलातलं ताट, सर. रॉ म्हंजी शिधा, मीठ-मिरची आपल्या हातानं."

वर्षभरात मी त्यांना पाच-सहा सॉफ्टवेअर दाखवली. एकानं उघडताक्षणी ईमेल मागितला. "दावणीला बांदला न्हाई, तंवर मालकाचं नाव इचारतोय. खोडील हाय." दुसरं दरमहा भाड्यानं मिळायचं. "भाड्याच्या बैलावर जीव बसत न्हाई." तिसऱ्यातला हिरवा रंग त्यांना पटेना. लॅपटॉप काखोटीला मारून ते थेट इंद्रायणीच्या खाचरात उतरले, भाताच्या पातीशेजारी पडदा धरला आणि परत आले. "ह्यो भात आमचा न्हाई." हसायला गेलो, पण नीट बघितलं तर माणसाचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटी मला रत्न सापडलं. हे सॉफ्टवेअर फोटो स्वतःच निवडायचं. चांगले पुढे, हललेले, अंधारे, डोळे मिटलेले कचऱ्यात. भाऊंच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं आणि रविवारी पाहुण्यांना अल्बम दाखवायचा होता. मी ऐटीत मळवलीला गेलो. पडवीत भाऊंची आई पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती.

तीन हजारांचे चारशे व्हायला दहा मिनिटं लागली. पंख्याचा आवाजसुद्धा नाही. "चाल लय बेस हाय," भाऊ म्हणाले. मी शाबासकीची वाट बघत होतो.

पण नाकारलेला मालही उलटून बघायची भाऊंना सवय. ते बघत गेले आणि एका जागी थांबले. कचऱ्यात त्यांच्या आईचे अडतीस फोटो होते. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसलेल्या, हळद लावताना, अक्षता टाकताना, नवरीच्या गालावरून हात फिरवताना. प्रत्येकाखाली एकच शेरा होता, डोळे मिटलेले.

आईंना लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून दिसत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आयचा एक बी घेतला न्हाई ह्यानं," भाऊ हळूच म्हणाले. मला बोल लावला नाही.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. "खंडू, माजा फोटू बरा आलाय का रं?"

"लय ग्वाड आलाय, आये. मशीननं सगळ्यात आदी तुजाच उचलला."

"मशीनला कळतंय व्हय त्यातलं?"

"कळतंय की."

मग भाऊंनी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि जुनं, साधं उघडलं. ते फक्त एकामागून एक फोटो दाखवतं आणि आवडलेल्याला पाचपर्यंत तारे देऊ देतं. आपल्या मनानं काहीच फेकत नाही. आता तीन हजार फोटो हातानं निवडायचे होते आणि रविवार दोन दिवसांवर होता. मला माझ्या हुशारीची लाज वाटली. मी खुर्ची जवळ ओढली.

"तुमी निस्तं फुडं सरकवा, सर. तारं म्या देतो."

आईंच्या अडतीसही फोटोंना त्यांनी पाच-पाच तारे दिले. त्यातले दोन तर खरोखरच हललेले होते. मी पुढचा फोटो सरकवला.