एक वाजताचं गिऱ्हाईक

देवरे मॅडम ऑफिसला येताना पर्समध्ये स्वतःचा माऊस घेऊन येतात. डबा एखादे दिवशी विसरतील, माऊस नाही. काळा, वायरवाला, जुनाट माऊस, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. सकाळी तो बाहेर काढून पुसतात, कॉम्प्युटरला जोडतात आणि मधलं चाक दोनदा फिरवून कान देऊन ऐकतात. गाण्याआधी तंबोरा लावणारेसुद्धा एवढं ऐकत नसतील. मग समाधानाने म्हणतात, "हं, बसा." हे आम्हाला असतं. माऊस तोवर बसलेला असतो.

आम्ही म्हणजे अंबडच्या एका छोट्या कारखान्यातली डिझाइनची खोली. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, घट्ट धरून ठेवणारी फिक्श्चर आम्ही कॉम्प्युटरवर तयार करतो. खोलीत चार टेबलं, एक कुरकुरणारा एसी आणि मॅडम. मॅडम सटाण्याकडच्या. पंचेचाळिशीच्या, बिनलग्नाच्या, काटकुळ्या. मी त्यांच्या शेजारी बसतो आणि अंगाने भरलेला असल्यामुळे बराच बसतो.

माझी आणि त्यांची पहिली चकमक पहिल्याच दिवशी झाली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसचं मधलं चाक दाबून धरलं आणि माऊस हलवला की पडद्यावरचा पार्ट गरागरा फिरतो. म्हणजे मला तसं वाटायचं. मी उत्साहाने म्हणालो, "मॅडम, पार्ट फिरवून दाखवू का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

"पार्ट फिरत नाही, भालेराव. पार्ट जागच्या जागी आहे. तुम्ही फिरताय."

"मी तर खुर्चीत बसलोय."

"शरीर बसलंय. नजर फिरतेय. पार्टला कशाला त्रास देता?"

तेव्हापासून आमच्या खोलीत 'पार्ट फिरवला' म्हणायची चोरी. 'मी पार्टभोवती फिरलो' असं म्हणावं लागतं. एकदा साहेब, म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, आत येऊन म्हणाले, "काय रे भालेराव, सकाळपासून काय केलंस?" मी म्हणालो, "एका ब्रॅकेटभोवती फिरलो." त्यांनी माझ्या आकाराकडे बघून मान डोलावली. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल.

मॅडमचं दुसरं दैवत म्हणजे कीबोर्डवरचं एफ. पडद्यावर फार जवळ गेलं, की पार्ट हरवतो. नुसता करडा रंग उरतो आणि माणूस चाक पुढे-मागे करत घामाघूम होतो. अशा वेळी एफ दाबायचं. सगळा पार्ट नीट पडद्यात मावून समोर येतो. हे मॅडमनी कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण एकदा मी बायकोशी फोनवर कुकरच्या शिट्टीवरून भांडत होतो, तर मागून आवाज आला, "फार झूम केलंय, भालेराव. एफ दाबा." बायकोने ते ऐकलं. आता ती भांडण रंगात आलं की मलाच एफ दाबायला सांगते. एकदा स्वतःची स्कूटी बंद पडली म्हणून मॅडम माझ्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या आणि द्वारकेच्या चौकात आम्ही बस आणि टेम्पोच्या मध्ये असे अडकलो की पाय टेकवायला जागा नव्हती. मी हॉर्नवर हॉर्न मारत होतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्या टेम्पोच्या नंबरप्लेटमध्ये काय नाक खुपसलंय? एफ दाबा. डावीकडे गल्ली आहे." गल्ली खरंच होती. मला त्याचाच जास्त राग आला.

मिसळ आली की त्या आधी ती वरून बघतात, मग वाकून समोरून, मग बाजूने. तोवर माझी अर्धी संपलेली असते. लग्नाच्या वयात त्यांना बघायला एक स्थळ आलं होतं, ते त्या स्वतःच सांगतात. पोहे झाले, प्रश्न झाले. मग मॅडम मुलाला म्हणाल्या, "जरा पाठमोरे उभे राहता का?" मुलाकडची मंडळी चहा न घेता उठली. "समोरून सगळेच बरे दिसतात हो," मॅडम म्हणतात. "मला मागचा व्ह्यू हवा होता."

कामात मात्र त्यांचा हट्ट एकच. कुठलंही फिक्श्चर तयार झालं की विचारणार, "ऑपरेटर कुठं उभा राहणार?" मग त्याच्या उंचीवर, त्याच्या डोळ्यांच्या जागी जाऊन बघणार. "देवासारखं वरून काय बघता? ज्याला वापरायचंय तो जिथं असेल तिथून बघा." साहेब याच गोष्टीसाठी त्यांचं सगळं चालवून घ्यायचे. अपवाद दोन गोष्टींचा. एक, मॅडम साडेपाचच्या ठोक्याला निघतात, मग बाहेर प्रलय होवो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे एक वाजताचं गिऱ्हाईक.

रोज दुपारी एक वाजता मॅडम मोबाइल काढून एक नंबर लावायच्या आणि हलक्या आवाजात अहिराणीत बोलायच्या. "काय दिखस आते?" म्हणजे आता काय दिसतंय. मग थांबायच्या. "आखो?" म्हणजे आणखी? "दार दिखस का?" पुन्हा थांबायच्या. शेवटी, "येस, येस," म्हणून फोन ठेवायच्या.

आमचा तर्क सरळ होता. सटाण्याकडचा कुणीतरी वर्कशॉपवाला सॉफ्टवेअर घेऊन बसला असणार आणि मॅडम त्याला फोनवरून व्ह्यू कसा लावायचा ते शिकवत असणार. आणि गिऱ्हाईक असं दिव्य, की कित्येक महिने झाले तरी त्याला समोर काय दिसतंय तेवढंसुद्धा धड सांगता येत नव्हतं. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. शेवटच्या 'येस, येस'ची नक्कल तर मी इतकी हुबेहूब करायचो की साहेबही हसायचे. मला एकच गोष्ट खटकायची. त्या गिऱ्हाइकाला मॅडम अधूनमधून सांगायच्या, की रविवारी थोडं आणखी फिरवून देते. आम्हाला तो शब्द उच्चारायची बंदी, आणि त्या ठोंब्याला सगळं माफ!

मग साहेबांनी नियम काढला. ड्रॉइंगचे फोटो बाहेर जातात म्हणून मोबाइल सकाळी गेटवर जमा करायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. आम्ही थोडी कुरकुर केली आणि गप्प बसलो. मॅडम उभ्या राहिल्या.

"एक वाजता मला फोन लागतो."

"ते तुमचं फुकट गिऱ्हाईक ना?" साहेब म्हणाले. "मॅडम, पगार मी देतो. ते गिऱ्हाईक आता बंद."

"ते गिऱ्हाईक मी सोडणार नाही."

"मग नोकरी सोडा!" साहेब तावातावाने बोलून गेले. बोलल्यावर स्वतःच दचकले.

मॅडमनी माऊसची वायर काढली, नीट गुंडाळली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली.  माऊस गेला म्हणजे मॅडम गेल्या, हे आम्हाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला साहेबांनी मला बोलावलं. एक मोठी ऑर्डर अर्धवट होती आणि ती फक्त मॅडमलाच कळत होती. "तू त्यांच्याकडे जा," साहेब म्हणाले. "एक तर त्यांना आण, नाहीतर त्या गिऱ्हाइकाचं नाव आण. मी बघतो त्याच्याकडे."

मॅडम पाथर्डी फाट्याजवळ तळमजल्यावर राहतात. आई असते सोबत, एवढंच आम्हाला माहीत होतं. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि फ्रिजवर आदळलो. फ्रिज दारातच भिंतीकडे तोंड करून उभा. सोफा उभा करून कोपऱ्यात सरकवलेला. हॉलच्या मधोमध एक पलंग, तोही तिरका, आणि खिडकीशेजारी कपाटाच्या दारातून काढलेला लांब आरसा, खाली लाकडाचे तुकडे सारून कलता बसवलेला.

"तिथं उभे राहू नका, भालेराव," आतून मॅडम म्हणाल्या. "व्ह्यू अडतोय."

मी बाजूला झालो. पलंगावर मॅडमची आई होती. लकवा झालेला. अंग हलत नव्हतं, मानही वळत नव्हती. डोळे तेवढे आरशावर होते.

मॅडमनी मला खुर्ची दिली आणि अगदी कामाचं बोलावं तसं सांगितलं. आधी आई आतल्या खोलीत असायची. तिला भिंत दिसायची, आणि पंखा. हळूहळू ती बोलायचीच थांबली. डॉक्टर म्हणाले, बोलती ठेवा, नाहीतर आहे तेवढंही जाईल. "जेवलीस का विचारलं तर डोळे मिटते. बरं वाटतंय का विचारलं तर डोळे मिटते. एकदा मी तिच्या उशीवर डोकं ठेवून पडले आणि तिथून बघितलं. बोलण्यासारखं काही नव्हतंच हो तिथं." त्यांनी आरशाकडे हात केला. "ती फिरू शकत नाही. मग घर फिरवलं. आता गेट दिसतं, रस्ता दिसतो. काय दिसतंय विचारलं की बोलते. पण फोनवरच. समोर असले की नुसती मला बघत राहते."

तेवढ्यात घड्याळात एक वाजला. मॅडम उठल्या, मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. दिवसभर आईपाशी थांबणाऱ्या मावशींनी उशीजवळचा फोन उचलून स्पीकरवर लावला.

"काय दिखस आते?"

मावशींनी फोन म्हातारीच्या तोंडाजवळ नेला. मग तिचे ओठ हलले. "गेट."

"आखो?"

"भाजीवाली उनी." म्हणजे आली. शब्द जड होते, पण कळत होते. मग तिचे डोळे आरशात किंचित माझ्याकडे सरकले. "एक जाडा मानूस बठेल शे."

आतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला. ऑफिसात मी तो कधी ऐकला नव्हता. "आखो?"

म्हातारी थांबली. आरशात गेट होतं, रस्ता होता, मी होतो. ती ते सगळं पुन्हा एकदा बघून आली.

"तू नही दिखस," ती म्हणाली.

"येस, माय," स्वयंपाकघरातून मॅडम म्हणाल्या. "येस, येस." आणि दार उघडून बाहेर आल्या.

ते 'येस' इंग्रजी नव्हतंच. अहिराणीत येस म्हणजे येते. इतके महिने मी त्याची नक्कल करत होतो. मी उगाच त्या भिंतीकडे वळलेल्या फ्रिजकडे बघत बसलो.

परत येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं.  शेवटी ते म्हणाले, "आरसा किती अंशात बसवलाय?" मला माहीत नव्हतं. "विचारून ठेव," म्हणाले, आणि टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे करत बसले. संध्याकाळी ते स्वतः पाथर्डी फाट्याला जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. माऊस पुसला, जोडला, चाक ऐकलं. आमचे मोबाइल आता गेटवर जमा होतात. मॅडमचा टेबलावर असतो. एक वाजला की आम्ही जेवायचे डबे आवाज न करता उघडतो.

आणि रोज साडेपाचला साहेब केबिनमधून डोकं बाहेर काढतात. "मॅडम, निघा. गिऱ्हाईक वाट बघतंय." मॅडम माऊस रुमालात गुंडाळतात, पर्स खांद्याला लावतात आणि जाताना आम्हाला म्हणतात, "येते."

घरी म्हातारी आरशातल्या गेटकडे बघत असेल. त्यात आता मॅडमची स्कूटी दिसेल.