सूचौला अंडी विकायला

तियेनफू को हे खरोखरच सूचौला अंडी विकायला गेले होते, आणि सगळा घोळ त्या 'खरोखरच'मुळे झाला.

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावात माणूस मरत नाही. तो शब्दच कोणी उच्चारत नाही. 'चार' हा आकडा त्याच्यासारखा ऐकू येतो म्हणून तिथल्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यानंतर थेट पाचवा येतो. थोरामोठ्यांना देवाज्ञा होते, सज्जन निघून जातात आणि चहा पिताना ज्यांची टवाळी करायची, ते 'सूचौला बदकाची अंडी विकायला' जातात.

तियेनफूंचा धंदाच खारवलेल्या बदकाच्या अंड्यांचा. समुद्रापलीकडच्या सूचौ शहरात खाद्यपदार्थांचं प्रदर्शन भरलं आणि त्यांना गाळा मिळाला. निघताना त्यांनी बायकोला बजावलं, "कोणी विचारलं तर प्रदर्शनाला गेलेत एवढंच सांग. त्या शहराचं नाव काढू नकोस, अंड्यांचं तर मुळीच नको. शनिवारी देवळात कौल आहे. उत्सवाचा मानकरी व्हायची अकरा वर्षं वाट बघतोय मी."

चिउह्वाबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत लाल माती माखून त्या खारवायची अंडी लिंपत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. देवळाचे कारभारी लियाव काका.

"वहिनी, तियेनफू आहे का?"

"नाहीत. सूचौला गेलेत, अंडी विकायला."

पलीकडे काकांचा आवाज एकदम खाली आला.

"कधी?"

"काल पहाटे."

"फार त्रास झाला का हो?"

"होणारच! पेट्या उचलून कंबर धरली होती. पण ऐकतात कोणाचं?"

"शेवटी काय म्हणाला?"

"म्हणाले, बदकांना वेळेवर खायला घाल."

लियाव काकांनी हुंदका गिळला. "वहिनी, तुमच्या धीराला तोड नाही. पण अशा वेळी थट्टा..."

"थट्टा कसली? पुढच्या खेपेला मीही जाणार आहे!"

"नको, नको! पोरांकडे बघा जरा!"

दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या दारांवर लाल कागदाचे चौकोन चिकटले. शेजारी सुतक असलं की ते लावतात. पाठोपाठ शेजारची युएये पाच बायका घेऊन आली (चौघींना कोण आणणार?) आणि सगळ्या गेलेल्या माणसासाठी कागदी कमळं दुमडायला बसल्या.

"अगं, जिवंत आहेत ते!"

"हो गं बाई," युएये तिचा हात दाबत म्हणाली, "आमच्या सगळ्यांच्या मनात जिवंतच आहेत."

चिउह्वाबाईंनी तणतणत व्हिडिओ कॉल लावला. तियेनफू दिसले. मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना फुलांच्या परड्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. आणि नेमकं तिथंच चित्र गोठलं. चेहऱ्यावर मंद हसू तसंच राहिलं.

"किती छान फोटो निवडलास!" युएयेनं डोळे पुसले. सगळ्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला. त्यानंतर फोन काही लागला नाही.

चिउह्वाबाई तडक देवळात गेल्या. लियाव काका कुंचला घेऊन इच्छुकांच्या यादीपुढे उभेच होते.

"सुतकातलं नाव देवीपुढे ठेवता येत नाही, वहिनी."

"अहो, कोणीही मेलेलं नाही!"

देवळात स्मशानशांतता पसरली.

"शब्द! शब्द जपा!" म्हणत काकांनी दचकून नावावर काट मारली.

शनिवारी सकाळी तियेनफू परतले. "दारोदार लाल कागद? कोण गेलं गं?"

"तुम्ही!"

पेट्या रस्त्यातच टाकून ते देवळाकडे धावले. लियाव काकांनी त्यांना चिमटा काढून पाहिला. बोंब खात्रीची होती. पण खोडलेलं नाव पुन्हा लिहायचं तर देवीची परवानगी हवी. काकांनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी कौल उडवले. "आई, हा जिवंत आहे का?"

दोन्ही कौल उताणे पडले. म्हणजे देवी हसली. दुसऱ्या खेपेला तिनं हो म्हटलं. नाव चढलं आणि मानकऱ्याच्या कौलात सगळ्यांपेक्षा जास्त, सलग सात होकार पडले. जाऊन परत आलेल्या माणसाला नाही म्हणायचं तिच्याही जिवावर आलं असावं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन वाजला. नवे मानकरी आत दुपारचे घोरत पडले होते आणि चिउह्वाबाईंचे हात पुन्हा कोपरापर्यंत लाल मातीत होते.

"वहिनी, तियेनफू कुठाय?"

"मेले!"

"बरं, बरं," लियाव काका म्हणाले. "उठला की पाठवून द्या."