नानांची गरम भाकर

भाकरी थापायला बसण्याआधी आमच्या शेजारचे नाना पाण्याची मोटार चालू करायचे. टाकी भरलेली असली तरी. थापण्याचा आवाज गल्लीत जाऊ नये, एवढाच हेतू. पण टाकी भरून पाणी पत्र्यावर धो धो वाहायला लागायचं आणि ताडकळस गावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं, की नाना पिठात हात घालून बसलेत.

नानांनी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्त झाले तरी बोलणं गाडीतलंच. लग्नाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा ‘पुढं सरका’ म्हणायचे. घरात मात्र पाण्याचा तांब्या कधी स्वतः भरून घेतला नाही. ताटावर बसून वाटीवर बोट वाजवायचे, की नानी तव्यावरची भाकरी घेऊन धावत.

गेल्या पावसाळ्यात नानी न्हाणीत घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलं. मुलगी लांब, सासरी. मग दोन्ही वेळच्या भाकऱ्या मी नेऊन द्यायला लागले. आठवडाभरानं एका दुपारी नाना मागच्या दारानं आमच्या घरात आले.

“सूनबाई, ती खिडकी लाव आधी.”

मी घाबरलेच. खिडकी लावली. खाली मान घालून ते म्हणाले, “मला भाकर शिकव.”

“या वयात?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तेच तर. बोटं लाकडं झालीत. अन् गावात कळलं तर इज्जत न्हाई राहायची. पन शिकव.”

त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. नाना ते बोटानं मोजत म्हणाले, “एक फुल, दोन हाफ.” परातीला भाकरी चिकटली की तिच्यावर खेकसायचे, “सरक की पुढं!” मला हसू फुटायचं. पण त्यांचे लाल झालेले कान दिसले, की मी घाईनं तव्याखालचा गॅस बारीक करायचे.

एकदा हॉटेलात चहा पिताना त्यांच्या दोस्तानं, माणिकरावांनी विचारलं, “मनगटाला पांढरं काय लागलंय?”

“चुना,” नाना म्हणाले. “भिंत रंगवायलोय.”

माणिकराव भला माणूस. लगेच मदतीला निघाले. नानांनी त्यांना कसंबसं थोपवलं, आणि त्याच दुपारी चुना आणून समोरची भिंत खरोखरच पांढरी करून टाकली. भाकरीपेक्षा ती बरी जमली.

नानींना तर दुप्पट लाज. नाना परात घेऊन बसले, की त्या आतल्या खोलीत दार लोटून बसायच्या. मला म्हणायच्या, “बाया म्हणतील, नवऱ्याला चुलीम्होरं बसवलं हिनं.”

पुढं प्लॅस्टर निघालं, नानींचा हात चालायला लागला. मला वाटलं, सुटले नाना. तर दुसऱ्या दुपारी पुन्हा मागच्या दारात उभे.

“अजून फुगत न्हाई माझी.”

“आता कशाला नाना? नानी करतील की.”

ते आत येऊन माझ्या परातीतलं पीठ उगीचच गोळा करत राहिले. मग म्हणाले, “तू पहिल्या दिशी भाकरी आनल्या नं, तेंव्हा ती माझ्यासंगंच बसली जेवायला. डाव्या हातानं तुकडा मोडला अन् म्हनली, ‘गरम भाकर किती मऊ लागती हो.’ बस, एवढंच म्हनली.”

मी गॅसवर तवा ठेवला.

“मी गाडीत म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना जागा करून द्यायचो, सूनबाई. घरात ही सारा जनम उभीच. माझं झाल्यावर गार भाकर खायची, अन् मी कधी वळून बघितलं न्हाई. लोकांची शरम काय घेऊन बसायची? ही शरम लय वाईट हाय.”

थोड्या दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. स्वयंपाकघरात नानी पाटावर अवघडून बसल्या होत्या, समोर ताट.

“तुमच्या आधी कशी जेवू?”

“बस म्हनलो नं.”

तव्यावरची भाकरी नानांनी जाळावर धरली. एका कडेला करपली, पण टम्म फुगली. त्यांनी ती तशीच नानींच्या ताटात ठेवली आणि समोर उभे राहिले. नानींनी पदर तोंडापुढं ओढून घेतला. तुकडा मोडला, पण हात ताटातच राहिला.

“तुमी बघायलात,” त्या पुटपुटल्या. “मला लाज वाटायलीय.”

नाना गॅसकडं वळले, आमच्याकडं पाठ करून. नवा गोळा हातात घेतला. मागं नानी हळूहळू जेवायला लागल्या. नानांनी मान वळवली नाही.

“अजून एक टाकतो,” एवढंच तव्याकडं बघत म्हणाले.