वज्रपंखाला शून्य गुण

रविवारच्या पुरवणीत मिस्त्रींच्या विमानाला शून्य गुण मिळाले, आणि तेही दहापैकी.

लेखाचं शीर्षक होतं, ‘पडद्यावरची विमानं खरोखर उडतील का?’ अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंनी तो लिहिला होता. विज्ञानमालिकांमधली सात विमानं त्यांनी तपासायला घेतली होती. एकाला सात गुण होते, एकाला पाच. ज्या तबकडीला पंखच नव्हते तिलासुद्धा ‘धाडसाबद्दल’ दोन दिले होते. सगळ्यात शेवटी वज्रपंख होतं. बाईंनी लिहिलं होतं, ‘हे विमान गच्चीवरून लोटलेल्या कपाटासारखं खाली येईल. फरक एवढाच, की कपाट निदान सरळ येईल.’

वज्रपंख मिस्त्रींनी केलं होतं. तीस वर्षांपूर्वी ते स्टुडिओत सुतार होते. सांगाडा त्यांचा आणि पंख त्यांच्या बायकोचे. ती त्याच स्टुडिओत कपडे शिवायची, आणि सुतारखात्यात माणसं कमी पडली म्हणून तिने बारीक पट्ट्यांवर कापड ताणून दोन पंख करून दिले होते. मालिका संपली, सामान भंगारात निघालं, तेव्हा मिस्त्रींनी विमान घरी आणून कपाटावर ठेवलं. ते तिथेच होतं. बायको मात्र आठ महिन्यांपूर्वी गेली.

“कपाट म्हणते! माझ्या विमानाला कपाट म्हणते!” मिस्त्री ओरडले.

रविवार असल्यामुळे मुलगी आली होती. तिचं सासर तीन स्टॉप पलीकडे होतं आणि आई गेल्यापासून तिने एकही रविवार चुकवला नव्हता. ती म्हणाली, “बाबा, सोडून द्या हो. रद्दीत जाणार आहे तो पेपर.”

“कपाटं मी तीनशे केली असतील. मला कळत नाही कपाट कुठलं नि विमान कुठलं?”

मुलीने आणखी समजूत घातली नाही. खरं तर तिला बरं वाटलं होतं. आठ महिने बाबा विचारलं तर ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच बोलत होते. आज आवाज जिन्यापर्यंत जात होता.

मिस्त्रींनी बाईंना पत्र लिहिलं. चार पानी पत्रात ‘कपाट’ हा शब्द अकरा वेळा आला होता. बाईंचं उत्तर आलं, तेही फार नम्र. ‘काका, तुमचं मूळ विमान असेल तर घेऊन या. आमच्याकडे वाऱ्याचा बोगदा आहे, त्यात विमान ठेवून त्यावर वारा सोडता येतो. आपण तपासून बघू. मी चुकले असेन तर पेपरात तसं लिहीन.’

मिस्त्रींनी विमान चादरीत गुंडाळलं आणि बसस्टॉप गाठला. विमानाची रुंदी माणसाच्या दोन हातांएवढी होती. बसच्या दारात ते अडकलं.

कंडक्टरने विचारलं, “काय आहे हे?”

“विमान.”

“मग उडत जा की!”

बस गेली. मिस्त्री चालत निघाले. पुलावर वारा होता. चादर सुटली, पंखात हवा भरली आणि एकाहत्तर वर्षांचे मिस्त्री अर्धा पूल तिरके तिरके चालत गेले. एक स्कूटरवाला थांबून म्हणाला, “आजोबा, सोडून द्या ते, नाहीतर तुम्हालाच घेऊन जाईल.” मिस्त्रींना तो माणूस प्राध्यापिकेपेक्षा हुशार वाटला.

कॉलेजच्या फाटकावर वहीत नोंद करायची होती. वॉचमनने विचारलं, “वाहन कुठलं आणलंय?”

“वाहन नाही. विमान आहे.”

वॉचमन नियमाने चालणारा होता. त्याने ‘वाहन’ या रकान्यात ‘विमान’ असं लिहिलं आणि सुरक्षा अधिकाऱ्याला फोन लावला. “साहेब, एक म्हातारे गृहस्थ विमान घेऊन आलेत. हो, गेटवर. नाही साहेब, मी काही घेतलेलं नाही. ... कुठे लावायला सांगू, ते विचारतोय.”

अधिकाऱ्याने दोन माणसं पाठवली. त्या दोघांना पळताना बघून दहा मुलं पळाली, आणि ती दहा का पळतायत हे बघायला आणखी तीस. प्राध्यापिकाबाई खाली येईपर्यंत वज्रपंखाभोवती जत्रा जमली होती. मिस्त्री मधोमध उभे राहून सांगत होते, “हात लावू नका. पंख नाजूक आहेत.”

बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी वाकून नमस्कार केला. “काका, मी शाळेत असताना तुमची मालिका चुकवायचे नाही. वज्रपंख यायचं तेव्हा मी सोफ्यावर उभी राहायचे.”

“आणि त्याला शून्य दिलंत?”

“प्रेम वेगळं नि गुण वेगळे, काका.”

मुलांना घालवून द्यायचा बाईंनी प्रयत्न केला, पण कोणी हललं नाही. सगळी वरात प्रयोगशाळेत शिरली.

बोगदा खोलीभर लांब होता. मधला भाग काचेचा, एका टोकाला हवा ओढणारा माणसाच्या उंचीचा पंखा आणि पंख्याच्या अलीकडे जाळी. मिस्त्रींनी आधी त्याच्या लाकडी सांध्यावर बोट वाजवून बघितलं आणि बोगदा चालवणाऱ्या ऑपरेटरला सांगितलं, “हा सांधा सैल आहे. कोणी केला?” ऑपरेटर ओशाळला. मग विमान एका सळईवर बसवलं आणि काच बंद केली.

“वारा सोडू?” ऑपरेटरने विचारलं.

“सोडा,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

वारा सुरू झाला. वज्रपंख आधी ताप भरल्यासारखं थरथरलं. मग त्याने नाक वर केलं. मुलं “उडालं, उडालं!” म्हणून ओरडली. पुढच्याच क्षणी विमान सळईवर गर्रकन उलटलं, काडकन आवाज झाला, आणि डावा पंख तुटून जाळीवर जाऊन आपटला. मागे कोणीतरी हसलं. मग चाळीसच्या चाळीस हसले.

“बंद करा! हसायचं काय त्यात?” बाई ओरडल्या. पंखा थांबला. हसूही थांबलं.

मिस्त्रींनी स्वतः आत हात घालून पंख काढला. कापड फाटलं होतं. ते अंगठ्याने फाटका भाग नीट बसवत राहिले, पुन्हा पुन्हा. शिवण अजून पक्की होती, एकेक टाका मोजून घ्यावा अशी.

“काका, माफ करा. मी तुम्हाला बोलवायलाच नको होतं.” एवढं बोलून बाई थांबल्या. फाटलेल्या कापडातून आतल्या पट्ट्या दिसत होत्या. त्यांनी पंख हातात घेतला, उजेडात धरला आणि बाजूने डोळा लावून बघितला. “हे पंख कोणी केले?”

“आमच्या हिने.”

“त्या हे कुठे शिकल्या?”

“शिकणार कुठे? बाह्या शिवायची ती. स्टुडिओच्या मागे तळं होतं, तिथे घारी यायच्या. डबा खाताना बघत बसायची.”

“इकडे बघा. या बाजूला जाड, गोलसर, आणि मग हळूहळू निमुळतं होत गेलंय. प्रत्येक पट्टीचा बाक वेगळा आहे. खऱ्या विमानाचा पंख असाच असतो, काका. फक्त...”

“फक्त काय?”

बाई जरा अडखळल्या. “पंख उलटे बसलेत. डावा उजवीकडे नि उजवा डावीकडे. जाड बाजू पुढे हवी. तुम्ही धार पुढे केलीय.”

“धार पुढेच असते,” मिस्त्री म्हणाले. “पटाशीची धार पुढे असते, रंध्याची...”

आणि त्यांची नजर पंखाच्या शिवणीवर गेली.

त्यांना तो दिवस जसाच्या तसा आठवला. विमान रंगवून तयार होतं, दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे बघायला जमले होते. ती मागून पुढे आली आणि हळूच म्हणाली, “अहो, बाह्या उलट्या लागल्यात.” आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, “विमान आहे हे, सदरा नव्हे! तू तुझी काजं-बटणं बघ.” केवढे हसले होते लोक. तीही थोडी हसली होती आणि मशीनवर जाऊन बसली होती.

“स्क्रू ड्रायव्हर आहे?” मिस्त्रींनी विचारलं.

ऑपरेटरने दिला. तुटलेला पंख काळ्या टेपने सांधून त्यांनी दोन्ही पंखांच्या बाजू बदलल्या. स्क्रू सरळ गेले. झेपावल्यासारखे पुढे आलेले पंख आता मागे वळले होते, घारीसारखे. काच बंद झाली, वारा सुटला. वज्रपंख एकदा हललं आणि स्थिर झालं. ऑपरेटरने वारा वाढवला. काट्याकडे बघत तो म्हणाला, “मॅडम, स्वतःच्या वजनापेक्षा जास्त उचलतंय.”

मुलांनी टाळ्यांनी खोली डोक्यावर घेतली. बाईंनी मिस्त्रींचा हात धरला. “काका, उडेल हे! आठ गुण तरी द्यावे लागतील मला.”

मिस्त्री स्टुलावर बसले होते. “मला नका देऊ,” ते म्हणाले. “मी तिला चारचौघांत बोललो होतो, बाई.”

“मग घरी जाऊन सांगा ना त्यांना! त्यांना किती आनंद होईल.”

मिस्त्रींनी मान हलवली. बाईंना कळलं.

बाईंनी दुरुस्ती लिहिली. त्यात विमान उडू शकतं, त्याचे पंख एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घडवले होते आणि सुताराने ते उलटे बसवले होते, हे सगळं स्पष्ट होतं. पेपरवाल्यांनी जागेअभावी ते चार ओळींवर आणलं. रविवारी छापून आलं, ‘मिस्त्रींचं वज्रपंख खरोखर उडणार! सुताराच्या दूरदृष्टीला प्राध्यापिकेचा सलाम.’ वर मिस्त्रींचा फोटो.

मिस्त्रींनी पेपरच्या कचेरीत फोन लावला. “तुम्ही चुकीचं छापलंय.”

“काय चुकलंय?”

“मी हुशार नाहीये.”

“हा तुमचा मोठेपणा, काका,” पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग ते स्वतः जिना उतरून दारोदार निघाले. पहिल्या घरी म्हणाले, “ते माझं नाही, हिचं आहे. मी वाट लावली होती.” त्या घरातल्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, “बघा, अजून सगळं श्रेय त्यांनाच देतायत!” तिसऱ्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या नम्रतेची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. तिथे त्यांना बोलूच दिलं नाही, खुर्चीवर बसवून चहा दिला. मिस्त्री हरून वर आले.

मुलगी आलेली होती. त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, सदऱ्याच्या बोलण्यासकट. तिने ऐकून घेतलं.

“मला माहितीये, बाबा.”

“काय माहितीये?”

“पंख उलटे होते ते. आईने सांगितलं होतं. टीव्हीवर वज्रपंख आलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो.”

“मला वाटायचं, तुम्हाला अभिमान वाटतोय.”

“तोही होताच की.”

मिस्त्रींनी विचारलं, “आणखी काय काय उलटं होतं माझं?”

“बाबा, असं काय विचारता?”

“सांग तू.”

मुलीने इकडेतिकडे बघितलं. “स्वयंपाकघराचं दार. बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला हव्या होत्या. ते ओट्यावर उघडतं ना, म्हणून हातात भांडं असलं की आईला आधी एक पाऊल मागे जावं लागायचं आणि मग बाहेर यावं लागायचं.”

“सव्वीस वर्षं?”

“हो.”

“मग बोलली का नाही?”

मुलगी हळू आवाजात म्हणाली, “विमानाच्या वेळी बोलली होती ना.”

ती गेल्यावर मिस्त्रींनी हत्यारांची पेटी काढली. दार उतरवलं, चौकटीतल्या जुन्या खाचा लाकूड भरून बुजवल्या, दुसऱ्या बाजूला नव्या कोरल्या. एकेक माप तीनदा घेतलं. संध्याकाळी दार लागलं. बोटाने ढकललं तरी भिंतीला जाऊन टेकत होतं, ओट्यापासून लांब.

सकाळी त्यांनी स्वतःपुरता चहा केला आणि कप घेऊन निघाले. काहीच अडलं नाही. मिस्त्री उंबऱ्यावर थांबले, एक पाऊल मागे गेले, मग पुन्हा पुढे आले. तसेच उभे राहिले, कपातला चहा निवेपर्यंत.