पक्षाच्या नावाची उंची

राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या बरोबर मध्यावर निवडणुका येतात आणि त्यांत त्यांच्याच पक्षाची माणसं आपटतात, ही अमेरिकी लोकशाहीची शिस्त आहे. ती पाळणाऱ्याला घरी बसावं लागतं, एवढीच तिची किंमत.

गार्लंड स्ट्रूपला घरी बसायचं नव्हतं. ओहायोतल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, मंडळावर तो बारा वर्षं होता. पूल, पाण्याचे चर आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचं मीठ, एवढंच त्याचं राज्य. वॉशिंग्टन त्याने एकदाच पाहिलं होतं (शाळेच्या सहलीत, बसच्या खिडकीतून). पण पक्ष राष्ट्राध्यक्षांचा, आणि राष्ट्राध्यक्ष लोकांच्या मनातून उतरत चाललेले.

तेव्हा जूनमध्ये तो लोर्ना फायफरच्या छापखान्यात गेला. घराघरांच्या अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या तिच्याकडेच छापतात.

"लोर्ना, पक्षाचं नाव जरा बारीक कर."

"किती?"

"चाळिशी घरी विसरलेल्याला दिसू नये इतकं."

मग शास्त्रशुद्ध पद्धत ठरली. राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता टक्काभर घसरली की पक्षाचं नाव पाव इंच घसरणार. तीन इंचांचं नाव जुलैत दीड इंचावर आलं. ऑगस्टात पेट्रोल स्वस्त झालं, राष्ट्राध्यक्ष दोन टक्के चढले, तसा गार्लंड धावत आला. "वाढव, वाढव! पक्ष म्हणजे आई आहे!" आई दोन इंचांची झाली. पंधरा दिवसांत कुठलीशी भानगड बाहेर आली आणि आई पाव इंचावर आली. सप्टेंबरात तीही गेली. पाटी जांभळी झाली (दोन्ही पक्षांचे रंग, एकाचा लाल नि दुसऱ्याचा निळा, कालवले की जांभळा होतो, याला समतोल म्हणतात).

चर्चमधल्या पॅनकेकच्या न्याहारीला एका म्हाताऱ्याने विचारलंच, "गार्लंड, तू नक्की कुठल्या पक्षाचा रे?"

"मी चरांचा, काका."

टाळ्या पडल्या. काउंटीत नऊशे जांभळ्या पाट्या लागल्या. एवढ्या पूर्वी कधीच लागल्या नव्हत्या.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेत गार्लंडने मतपत्रिका हातात घेतली. त्याचं नाव होतं. नावाशेजारी पक्षाचं नाव होतं, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. बारा वर्षं ते तिथेच असायचं. तेव्हा त्याला ते फार आवडायचं.

तो चारशे बारा मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात जाऊन उभा राहिला.

"लोर्ना, एप्रिलमध्ये तुझ्या दारापुढचा तुंबलेला चर कोणी उपसून घेतला?"

"तूच की. उपकार आहेत बाबा. म्हणून तर तुझी पाटी लावली ना अंगणात!"

"आणि मत?"

लोर्ना यंत्र पुसायला लागली. "द्यायलाच गेले होते रे. पण शेजारी पक्ष दिसला. वॉशिंग्टनमधल्या त्या माणसाला अद्दल नको घडवायला?"

"त्याला? अगं, मी पडलो हे त्याला कळणारसुद्धा नाही!"

"राग नको धरूस."

"बरं, तू ज्याला निवडून दिलंस त्याचं नाव तरी सांग."

लोर्नाने छताकडे पाहिलं. "चांगलं नाव आहे," ती म्हणाली. "छोटंसं."

लोर्नाला हसू नका. तुमच्या दारापुढचं गटार ज्याच्या हाती दिलंत, त्याचं नाव सांगा पाहू. पक्ष नका सांगू, तो सध्या त्यालाही नीट ठाऊक नसेल.

नाव.