डागावर केळीचा चीक

माणसाच्या अंगावरचं सगळं त्याच्या मालकीचं असतं, फक्त चेहऱ्यावरचा डाग सोडून. डाग ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो उगवला की त्याच्यावर पहिला हक्क घरच्यांचा, दुसरा शेजाऱ्यांचा, तिसरा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईचा. यातून काही उरलंच, तर ज्याच्या गालावर तो आहे त्याचा.

रावेरकडच्या एका केळीच्या गावात जीवराम आबांची सून मयुरी हिच्या डाव्या गालावर असा एक डाग उगवला. तुरीच्या दाण्याएवढा. मयुरी बी.एस्सी. झालेली होती, पण डाग काही मार्कशीट बघून येत नाही. सकाळी तिने तो आरशात पाहिला आणि चहा उकळेपर्यंत गल्लीने पाहिला.

उपायांची आवक तात्काळ सुरू झाली. सुगंधाबाईंनी कच्चा बटाटा चोळायला सांगितला. निवृत्त ग्रामसेवक शालिग्राम नानांनी टूथपेस्टची शिफारस केली, तीही पांढरीच, निळी चालणार नाही. (नानांच्या स्वतःच्या कपाळावर बोराएवढा डाग आहे, तो त्यांच्या नेमणुकीच्याही आधीचा. पण उपाय सांगणाऱ्याने तो स्वतः करून पाहिलेला असावा, असा कुठला शासन निर्णय नाही.) मयुरीचा नवरा हितेंद्र याने मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात लिंबू आणि खायचा सोडा होता. गावात उपाय माहीत असणारे शंभर टक्के, उपायाने बऱ्या झालेल्या माणसाबद्दल ऐकलेले नव्वद टक्के, आणि तो माणूस प्रत्यक्ष आणून उभा करू शकणारे किती, याची आकडेवारी अद्याप अप्राप्त आहे.

लिंबू-सोड्याने मयुरीचा गाल पेटला. ती ओरडली तेव्हा सासूबाई, म्हणजे बेबाबाई, शांतपणे म्हणाल्या, "आग होते ना? मंग लागू पडून राहिलं." या एका वाक्यावर घरगुती औषधांचं सगळं शास्त्र उभं आहे. या हिशेबाने चुलीतला निखारा सर्वोत्तम ठरला असता, पण घरात आता गॅस आहे.

गाल लाल झाला, डाग होता तिथेच राहिला. तेव्हा बेबाबाईंनी प्रकरण स्वतःच्या हाती घेतलं आणि माहेरचा जालीम उपाय काढला. अर्धी वाटी बेसन, दोन चिमूट हळद, चमचाभर साय आणि केळीच्या खांबाला कोयत्याने छेद देऊन काढलेला ताजा चीक.

आता केळीचा चीक म्हणजे काय, हे त्या गावात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. चिकाचा डाग कपड्यावर पडला की कपडा फाटतो, पण डाग जात नाही. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे, ते दोरीवरही वेगळे वाळतात. हितेंद्रच्या बागेतल्या शर्टाचा मूळ रंग कोणता होता, याबद्दल घरात दोन मतं आहेत. एकदा आबांच्या नव्या धोतरावर चार थेंब उडाले, तर बेबाबाईंनी त्यांना दिवसभर फैलावर घेतलं होतं. असा हा चीक डाग घालवायला सुनेच्या तोंडाला लावायचा ठरला आणि घरातल्या एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. कपडा विकत आणावा लागतो, तेव्हा त्याला जपणं आलं.

मयुरी एवढंच म्हणाली, "आई, चिकाचे डाग जात नाहीत ना?"

"ते कापडाचे," बेबाबाई म्हणाल्या. "कातडी काय कापड शे का?"

युक्तिवाद संपला. लेप लागला. मयुरी "वाळवून येते" म्हणून परसात गेली आणि तिने खोबरेल तेलाने सगळं खरवडून काढलं. त्याच आठवड्यात आईला बरं नाही असं सांगून ती जळगावला माहेरी गेली (आई ठणठणीत होती) आणि तिथून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी दिव्याखाली गाल पाहिला. "साधी बुरशी आहे. हे मलम लाव, जाईल. आणि कृपा करून स्वयंपाकघर तोंडाला लावणं बंद कर."

मयुरीने मलमाची ट्यूब आणून तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरली. सून आल्यापासून बेबाबाईंचा हात त्या डब्याला लागला नव्हता, त्यामुळे घरात तिजोरीपेक्षाही ती जागा सुरक्षित होती. मग घराचा शिस्तीत कारभार सुरू झाला. सासूने लेप लावायचा, सुनेने परसात पुसायचा, वर मलम लावायचं आणि आत येऊन "थंड वाटतंय" म्हणायचं. महिन्याभरात डाग गेला. बेबाबाईंनी सुनेचा गाल गल्लीभर मिरवला. मयुरीने दोन-तीनदा तोंड उघडलं होतं, पण सासू पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसत होती, आणि इतक्या दिवसांनी मिळालेलं ते हसू तिच्याने मोडवेना. जाऊ दे, म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय.

बिघडायला वेळ लागला नाही. बेबाबाईंचा लौकिक पार नशिराबादपर्यंत पोचला आणि तिथून त्यांची चुलतबहीण मंदाबाई वांगाचे डाग घेऊन आल्या. लेप लावून, कृती विचारून गेल्या. पुढच्या वेळी आल्या त्या पदराने तोंड झाकूनच. पदराखाली गाल भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता. बेबाबाईंनी तपासणी करून निकाल दिला, की मंदाबाईंचा उपायावर विश्वास नव्हता, बेसन दुकानचं होतं आणि चीक उन्हं चढल्यावर काढलेला होता. सबब उपाय निर्दोष असून गालच दोषी आहे. मंदाबाई हात जोडून म्हणाल्या, "चुकलं माय माझं."

त्यानंतर रत्नाची पाळी आली. रत्ना ही बेबाबाईंची धाकटी लेक, मयुरीची नणंद. तिचा साखरपुडा ठरला होता, मुलाकडचे धुळ्याच्या देवपुरातून यायचे होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिच्या गालावर दोन पुटकुळ्या आल्या. हात लावला नसता तर आपोआप बसल्या असत्या. पण हात न लावणं हा उपाय आमच्याकडे कुणी सांगत नाही, कारण त्याचं श्रेय घेता येत नाही.

बेबाबाई लेप कालवत होत्या. रत्ना केस बांधून पाटावर बसली होती, तोंड वर, डोळे मिटलेले. मंदाबाईंचा गाल मयुरीच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ट्यूब सगळ्यांसमोर सासूच्या पुढ्यात ठेवली.

"आई, माझा डाग याने गेला. लेप मी रोज पुसून टाकत होते. रत्नाला लावू नका, पाया पडते."

आबांनी वर्तमानपत्र खाली केलं. बेबाबाईंनी ट्यूब हातात घेतली, उलटसुलट केली, तिच्यावर चिकटलेले डाळीचे दोन दाणे काढून डब्यात टाकले.

"लेप पुसायची, मंग हे लावायची?"

"हो."

"म्हंजे आधी माहा लेप लागायचा ना? मंग त्याच्यानंच गेला. हे तुझं मलम वरतून आयतं बसलं."

आबांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. "सासूचं नाव झालं ते बघवलं नाही," असंही सुगंधाबाईंनी भिंतीपलीकडून नोंदवलं. आणि रत्ना, जिचा गाल होता, तिला कुणी विचारलं नाही. तिने डोळे उघडून एकदा वहिनीकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

साखरपुड्याला रत्नाच्या गालावर रुपयाएवढा काळा चट्टा होता. पावडरीचे तीन थर देऊनही तो वर येत होता. नवऱ्या मुलाची आई सुनंदाबाई यांनी ओटी भरताना तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मांडवातल्या साऱ्या माना तिकडे वळल्या.

"एवढंच ना?" सुनंदाबाई हसून म्हणाल्या. "काळजी करू नका. आमच्याकडे लसणाचा एक उपाय आहे. पोरगी आली की मी स्वतः लावीन."

मांडवभर आनंदीआनंद झाला. बेबाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला जीव लावणारी सासू मिळाली होती.

आत कपडे बदलताना रत्नाने मयुरीचा हात धरला. "वहिनी, तुझा डाग गेला तेव्हाच काबरं नाई सांगितलं?" पुढे लग्नात रत्नाच्या रुखवतात मयुरीने स्वतः भरलेला एक तूरडाळीचा डबा ठेवला आणि कानात सांगितलं की तळाशी बघ, आणि कुणाला दाखवू नकोस.

एवढीच हकीगत. तुम्ही वाचताना हसला असाल, शहाणीसुरती माणसं तुम्ही. फक्त वर बेसन, हळद आणि साय यांची मापं दिली आहेत, चिकाचं माप दिलेलं नाही. हे तुमच्या लक्षात आलं असेल, मागे जाऊन पुन्हा बघावंसंही वाटलं असेल, आणि लसणाचा तो उपाय नेमका काय, हाही प्रश्न पडला असेल. तर उठा, आधी हात धुवा, आणि आपल्याच स्वयंपाकघरातल्या तूरडाळीच्या डब्यात तळापर्यंत हात घालून बघा.