पाय काढू दे

मुलांनो, आमच्या शेजारच्या अण्णांनी पूजेचं तीर्थ कधी प्यायलं नाही. तळहातावर घ्यायचे, खिशातल्या ड्रॉपरने बाटलीत भरायचे आणि घरी पळायचे. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून निकाल यायचा. "अक्का, तुमच्या तीर्थात कुणी नाही. कळशी फार घासता. तुळशीच्या ताटलीत मात्र भरलं घर आहे."

मी पुण्याहून मल्लेश्वरमला नवी आले होते. अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. इथल्या कानडी लोकांची रीतच तशी. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, पण जीव सगळा रोटिफरांत. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हे पाण्यातले जीव डोक्यावर जणू चाकं फिरवतात.

"आधी कवच, मग काटे, शेवटी पायाची बोटं. बोटं दिसल्याशिवाय नाव सांगायचं नाही," अण्णा म्हणत. पण सूक्ष्मदर्शकाचं टेबल जरा हललं की तो जीव अंग चोरून गोळा व्हायचा. मग अण्णा श्वास रोखून म्हणत, "स्वल्प थांबा. भ्यालंय. पाय काढू दे." एकदा तुमचे आजोबा तिथे शिंकले. "साहेब, एक अख्खी जात घालवलीत," अण्णा म्हणाले आणि आठवडाभर बोलले नाहीत.

माझ्या सासूबाईंचंही त्यांनी वर्णन करून ठेवलं होतं: "कवच जाड, काटे दोन, आत नुसतं पाणी."

त्यांची एकुलती लेक कमला लग्नानंतर वर्षभरातच एक ट्रंक घेऊन परत आली. आतल्या खोलीत शिरली आणि कुणाशी बोलेना. गल्लीतल्या बायका चौकशीला येऊन गेल्या. शेवटी सासूबाई गेल्या. "अहो, बापाला तरी काय झालं ते सांगेल की नाही?"

अण्णांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. "स्वल्प थांबा. भ्यालंय. पाय काढू दे."

सासूबाई आल्या पावली परतल्या.

अण्णांनी आपलं टेबल खिडकीतून उचलून कमलाच्या दारासमोर, अंधाऱ्या बोळात आणलं. कॉलेजातून आले की तिथेच बसत. एके दुपारी मी भाजीची वाटी घेऊन गेले, तर नेहमीसारखे नळीला डोळा लावून बसलेले. तेवढ्यात कडी वाजली. कमला त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"काय दिसतंय?"

तिच्याकडे न बघता अण्णा बाजूला सरकले. तिने वाकून पाहिलं.

"अण्णा, यातलं पाणी केव्हाच वाळलंय."

"हो का? मग ताजं आण. अक्कांच्या तुळशीतलं."

कमला ड्रॉपर घेऊन अनवाणीच अंगणात उतरली. मी वाटी टेबलावर ठेवणार, तोच अण्णांनी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. आवाज होऊ नये म्हणून.